खिशातले तारघर

वाचकहो, एक लहानसे काम सांगतो. घरातील टेबलाचा अगदी खालचा खण उघडा. जुन्या चार्जरच्या वायरी, बंद पडलेले घड्याळ आणि दोन-चार लग्नपत्रिका यांच्याखाली बोटभर लांबीची, टोपण असलेली, पांढरी किंवा काळी कांडी सापडते का, ते पाहा. तुम्ही शिक्षक असाल, ग्रामपंचायतीत काम करीत असाल किंवा तुमचा मुलगा २०१० ते २०१६ या काळात कॉलेजात शिकत असेल, तर ती बहुधा सापडेलच. तिला कोणी डोंगल म्हणे, कोणी डेटाकार्ड. आयडिया कंपनीने आपल्या कांडीला दिलेले 'नेटसेटर' हे नाव तर कित्येकांनी सगळ्याच कांड्यांना लावून टाकले होते. या कांडीच्या जोरावर आपल्या खेड्यांत इंटरनेट पहिल्यांदा पिशवीतून हिंडू लागले. ते कसे, आणि त्याची किंमत कोणी मोजली, एवढेच आज सांगावयाचे आहे.

सुरुवात दौंडपासून करू. दौंड म्हटले की आपल्याला रेल्वे आठवते. पण १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी तारायंत्राची जी थेट सेवा सुरू झाली, तिचे संदेश घेणारे केंद्र दौंडला होते आणि संदेश पाठविणारे केंद्र खडकीला. इंग्लंडच्या बाजूलाही अशीच जोडी होती, ग्रिम्स्बी आणि स्केग्नेस. आता तुम्ही विचाराल, दोन केंद्रे एकमेकांपासून इतकी लांब कशासाठी? कारण असे की, पाठविणाऱ्या यंत्राचा गलका इतका मोठा, की सातासमुद्रापलीकडून आलेली बारीक कुजबुज त्याच्या शेजारी ऐकूच येणार नाही. एका घरात जाते घरघरत असताना दुसऱ्याने पोथी ऐकावयास बसावे, तसेच ते. म्हणून मध्ये कोसांचे अंतर ठेवावे लागले. आपल्या खणातील कांडी पाठविण्याचे आणि घेण्याचे अशी दोन्ही कामे एकाच वेळी, बोटाएवढ्या जागेत करीत असे. मधला काळ किती मोठा आहे, हे यावरून ध्यानात यावे.

कांडीचे खरे नाव मोडेम. संगणकाची भाषा म्हणजे नुसते 'आहे' आणि 'नाही'. टेलिफोनची तार बनविली होती माणसाच्या आवाजासाठी. तेव्हा 'आहे-नाही'चे स्वरांत रूपांतर करावयाचे आणि पलीकडे त्या स्वरांचे पुन्हा 'आहे-नाही' करावयाचे, हा मोडेमचा धंदा. अमेरिकेत १९५८ च्या सुमारास हवाई संरक्षणाच्या कामासाठी असली यंत्रे प्रथम वापरात आली. १९६२ साली बेल कंपनीचे जे मोडेम निघाले, ते सेकंदाला ३०० खुणा पाठवी. आजच्या पद्धतीने देवनागरीचे एक चिन्ह लिहावयास अशा २४ खुणा लागतात, शिवाय प्रत्येक तुकड्याच्या मागे-पुढे राखण्याच्या खुणा वेगळ्या. म्हणजे सेकंदाला दहा चिन्हे. गुरुजींच्या खडूपेक्षा बरे, पण फार नव्हे!

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेही मोठ्या शहरांत. त्यासाठी घरी टेलिफोन लागे, आणि टेलिफोनसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. खेड्यात फोन म्हणजे चौकातील पिवळी पाटी, एसटीडीची टपरी. अशा दिवसांत, १९९८ साली, कोल्हापूर-सांगलीकडे वारणा खोऱ्यातील ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रयोग झाला. कारखान्याच्या सभासदाने आपल्याच गावच्या केंद्रात जाऊन उसाचे वजन पाहावे, तोडीची पावती घ्यावी, अशी योजना. गंमत पुढेच आहे. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तेथे जाऊन पाहिले, तर केंद्रातील संगणकांचे मुख्य काम एवढेच उरले होते, की उसाची आणि खताची माहिती इकडून तिकडे द्यायची. मग त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल फोन आणि एसएमएस वापरून तेच काम करून दाखविले. तारेने बांधलेले यंत्र गावात आणून बसविण्यापेक्षा माणसाच्या खिशात जे आहे त्यावर काम भागवावे, हा धडा वारणेत लवकर मिळाला होता.

कांडी जन्मास येण्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागल्या. एक म्हणजे खाच. संगणकाला काहीही जोडावयाचे तर पूर्वी दहा प्रकारची तोंडे होती. १९९६ साली यूएसबी ही एकच खाच ठरली. ती ठरविणाऱ्या मंडळींत इंटेल कंपनीतील अजय भट्ट हे आपल्या शेजारच्या बडोद्यात शिकलेले. त्या खाचेतून माहितीही जाते आणि वीजही मिळते, म्हणून कांडीला वेगळा प्लग लागत नाही. दुसरी गोष्ट लहरींची. २०१० साली सरकारने थ्रीजीच्या लहरींचा लिलाव केला. त्यातून सुमारे ६७ हजार ७०० कोटी रुपये जमले आणि खासगी कंपन्यांच्या थ्रीजी कांड्या दुकानांत येऊ लागल्या. सीडीएमए पद्धतीच्या कांड्या त्याच्या थोड्या आधीच आल्या होत्या. सुरुवातीस दोन-तीन हजारांना मिळणारी वस्तू पुढे हजार-दीड हजारांवर उतरली.

तिची एक लबाडी सांगतो. संगणकाला कांडी प्रथम लावली, की ती 'मी मोडेम आहे' असे म्हणतच नसे. 'मी सीडी आहे' असे सांगून आत शिरे, स्वतःला लागणारा प्रोग्राम संगणकात उतरवी आणि मग रूप पालटून मोडेम होई. आणि जोडणी करताना पडद्यामागे चक्क एक नंबर फिरवला जाई: *९९#. ना डायल, ना घंटी, पण फोन लावण्याची रीत सुटली नाही. नव्या वस्तूत जुने असे दडून राहते; आमच्या विषयात त्यालाच तर आम्ही पुरावा म्हणतो.

आता लासुर्ण्यास येऊ. बारामतीहून इंदापूरला जाताना भवानीनगर, बेलवाडी मागे टाकले की हे गाव. दुष्काळानंतर, गेल्याच्या आधीच्या शतकात इंग्रजांनी नीरेचा डावा कालवा काढला, त्याच्या पाण्यावर ही जमीन पिकते. जवळच वालचंदनगर आणि भवानीनगर. म्हणजे साखर कारखाना शेजारी, ऊस दारात आणि कॉलेजात जाणारी मुले घरोघरी. जे कालव्याचे, तेच लहरींचे. हेडच्या शेतकऱ्याला पाणी आधी मिळते आणि टेलचा पाळीची वाट पाहत बसतो, हे इंदापूरकरांस कोणी शिकवावयास नको. थ्रीजीचेही तसेच झाले. पुण्यात निळा दिवा लागे, बारामतीत लागे, आणि बाहेर पडले की हिरवा. पुष्कळ कांड्यांवर हा दिवाच असे: निळा म्हणजे थ्रीजी, हिरवा म्हणजे टूजी. थ्रीजीच्या २१०० मेगाहर्ट्झच्या लहरी जुन्या ९०० च्या लहरींइतक्या लांब पोचत नाहीत, भिंतींतून तितक्या शिरत नाहीत; म्हणून तेवढ्याच प्रदेशाला मनोरे जास्त लागतात, आणि मनोरे आधी शहरात उभे राहिले.

यावर लोकांनी तोडगे काढले. कांडीला दोन हात लांबीची वायर जोडून ती खिडकीच्या गजाला टांगायची. माळवदावर लॅपटॉप घेऊन बसायचे. मनोऱ्याची ताकद सर्वांत वाटली जाते, म्हणून पहाटे पाचला वेग चांगला मिळे. तुकोबांची पालखी या रस्त्याने जाते आणि बेलवाडीला रिंगण होते, त्या दिवशी पाहावे. चारी दिशांनी वैष्णव लोटलेले, एका मनोऱ्याभोवती हजारो फोन, आणि मग कोणाचीच कांडी हलत नाही. पखवाज मात्र कोणत्याही लहरीवाचून वेशीपर्यंत ऐकू येतो.

तरीही कांडी हवीहवीशी वाटे, याचे मोठे कारण भारनियमन. वीज गेली की घरचा संगणक बंद, तारेवरच्या इंटरनेटचा डबा बंद. लॅपटॉपची बॅटरी आणि कांडी एवढीच जोडी अंधारात दोन-तीन तास काम देई.

आणि काम वाढतच होते. २०११ मध्ये 'संग्राम' योजनेतून ग्रामपंचायतींत संगणक आले, दाखले संगणकावर निघू लागले. गावोगाव काचतंतूची तार नेण्याची केंद्राची योजनाही त्याच साली मंजूर झाली, पण तार पोचेपर्यंत काम थांबत नव्हते. २०१५ मध्ये शाळांसाठी 'सरल' आले; प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती ऑनलाइन भरावयाची. गुरुजी आणि बाई रात्र-रात्र जागून ती भरीत, कारण दिवसा साऱ्या राज्याच्या शाळा एकाच दारात उभ्या. शाळेला इंटरनेट नव्हते, तेथे कांडी कोणाची? पुष्कळदा गुरुजींची. पॅक कोणाचा? तोही त्यांचाच. एक जीबी थ्रीजीला तेव्हा अडीचशे रुपयांच्या आसपास पडत. ज्या कामाचा कागद, शाई आणि रजिस्टर सरकारी असते, त्याच कामाच्या लहरी शिक्षकाच्या पगारातून याव्यात, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. म्हणून तरी ती येथे करून ठेवतो.

माझीही एक नोंद आहे, ती लपवीत नाही. त्या काळात माझ्या वर्गात लासुर्ण्याकडची एक मुलगी होती. वडील ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यावर रोजंदारीने जात. तिच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस. ती म्हणाली, "सर, सकाळपासून तीन ठिकाणी जाऊन आले, लाइटच नाही." मी म्हटले, "काळजी करू नकोस, कांडी आहे माझ्याकडे." रात्री तिच्या घरी, ओट्यावर, कंदील शेजारी ठेवून बसलो. हिरवा दिवा. पान हळूहळू उघडत होते. अर्धा अर्ज भरून झाला आणि जोडणी तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा तुटली. पाहतो तो पॅक संपलेला! सकाळीच तर नवा मारला होता. नंतर उलगडा झाला. दुपारी शहरात निळ्या दिव्याखाली मी कांडी लावून ठेवली होती, तेवढ्यात माझ्या लॅपटॉपने स्वतःच्या दुरुस्तीचे प्रोग्राम मुकाट्याने उतरवून घेतले आणि सगळा डेटा गिळला. ही यंत्रे बनविणाऱ्यांच्या देशात डेटा मोजून मिळत नसावा. पण कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. ते बंद करून ठेवणे माझे काम होते, मी केले नाही. रिचार्जचे दुकान केव्हाच बंद झाले होते. बाराचा ठोका पडून गेला. तिचे वडील म्हणाले, "असू द्या सर, तुम्ही एवढे आलात." त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली ती गेलीच. फी तिच्या आईने पाटल्या मोडून भरली, हे मला पुढच्या वर्षी कळले.

पुढचा इतिहास थोडक्यात आहे. जुलै २०१३ मध्ये सरकारी तार सेवा बंद झाली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले, फोर-जीचा डेटा एकदम स्वस्त झाला आणि फोनच मोडेमचे काम करू लागला. सीडीएमएच्या कांड्या चालविणाऱ्या कंपन्यांनी धंदा गुंडाळला, एअरटेलने २०२० मध्ये थ्रीजी बंद केले. स्वस्त फोर-जी कांड्या आजही मिळतात, पण खेड्यातील मुलगा आता हॉटस्पॉट हा शब्द अधिक ओळखतो.

हे लिहिण्यापूर्वी मी माझी जुनी कांडी शोधून काढली. टूजी चालणारे एक सिमकार्ड आत सारले आणि लॅपटॉपला लावली. थोड्या वेळाने हिरवा दिवा लुकलुकू लागला. शेजारी पुतण्या बसला होता. त्याने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारले, "काका, ह्या पेनड्राइव्हमध्ये जागा किती आहे?"