स्कॉर्पिअन्सचं वाईट वर्ष



आपल्या ग्रुपवर किंडरगेल्ड, गिम्नाझिउमचा प्रवेश आणि शनिवारची मराठी शाळा यांवर भरपूर लिहून झालंय. आज जरा वेगळा विषय. बऱ्याच जणांनी कॉलेजात 'विंड ऑफ चेंज'ची ती शिट्टी वाजवून बघितली असेल. हा बँड अमेरिकन असणार, असंच तेव्हा अनेकांना वाटायचं. पण स्कॉर्पिअन्स हे आपल्या हानोफरचे! १९६५ साली रुडॉल्फ शेंकरने बँड सुरू केला, पहिला अल्बम आला १९७२ मध्ये.

मी सीए आहे. एखादा धंदा समजून घ्यायचा तर मी त्याच्या वाईट वर्षाचे हिशेब आधी मागवते. म्हणून आज त्यांच्या गाजलेल्या अल्बमबद्दल न लिहिता १९९९ च्या 'आय टू आय'बद्दल लिहितेय.

पण आधी चांगली वर्षं बघू. हानोफरच्या या पोरांनी सुरुवातीलाच ठरवलं की गायचं इंग्रजीत. बाजार बाहेर होता. क्लाउस माइनेच्या इंग्रजीला जर्मन हेल होता, आजही आहे. १९७५ साली त्यांनी दोन गाणी जर्मनमध्ये केली, तीही 'द स्वीट' या ब्रिटिश बँडच्या गाण्यांची रूपांतरं, आणि ती काढली 'द हंटर्स' अशा दुसऱ्याच नावाने! त्याच काळात निर्माता डीटर डीर्क्स त्यांच्याबरोबर आला आणि १९८८ पर्यंत राहिला. १९८१ मध्ये माइनेचा आवाजच गेला, स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतरच्या वर्षी 'ब्लॅकआउट' आला. १९८४ च्या 'लव्ह ॲट फर्स्ट स्टिंग'ने त्यांना अमेरिकेत घरोघरी पोहोचवलं. १९८८ मध्ये लेनिनग्राडला दहा कार्यक्रम, १९८९ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोचा महोत्सव, आणि त्या अनुभवातून 'विंड ऑफ चेंज'. भिंत पडल्यावर ते गाणं अख्ख्या युरोपचं झालं. पुढे त्यांनी ते रशियनमध्ये आणि स्पॅनिशमध्येही गायलं.

मग वारं खरंच बदललं, पण त्यांच्या विरुद्ध दिशेने. नव्वदच्या दशकात सिॲटलहून ग्रंज आलं आणि ऐंशीच्या दशकातले लांब केसांचे बँड एकदम जुनाट वाटायला लागले. जुना ड्रमर हर्मन रारेबेल गेला. १९९९ मध्ये पेटर वोल्फ या ऑस्ट्रियन निर्मात्याबरोबर त्यांनी 'आय टू आय' काढला.

ऐकून बघा. ठोके यंत्रातून आल्यासारखे, कीबोर्ड पुढे आणि गिटार मागे. शीर्षकातसुद्धा 'टू' या शब्दाच्या जागी रोमन दोनचा आकडा. एका गाण्याच्या नावात 'यू' हा शब्द नुसत्या एका अक्षराने लिहिलेला, पोरं मेसेज करतात तसा. तीस-पस्तीस वर्षं मुरलेली माणसं त्या वर्षीची फॅशन अंगावर चढवून आली होती आणि ते दिसत होतं. याच अल्बमवर चक्क जर्मन ओळीही आहेत. गाण्याचं नाव 'डू बिस्ट झो श्मुत्सिश', म्हणजे 'तू किती घाणेरडी'. इतक्या वर्षांनी मातृभाषा आली ती अशी, गंमत म्हणून. जुने चाहते नाराज झाले आणि नवे काही मिळाले नाहीत.

तरी तो अगदीच टाकाऊ नाही हं. 'मिस्टीरिअस' धरून ठेवतं. 'अ मोमेंट इन अ मिलियन इयर्स'मध्ये फारसा बडेजाव नाही, माइनेचा आवाज मोकळा सोडलाय, आणि तिथे हाच तो बँड हे लगेच कळतं.

पुढच्या वर्षांचे हिशेबही बघायलाच हवेत. २००० साली बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर 'मोमेंट ऑफ ग्लोरी', त्याच वर्षी घरच्या हानोफरमध्ये एक्स्पो. २००४ च्या 'अनब्रेकेबल'मध्ये गिटार परत पुढे. २०१० मध्ये निरोपाची घोषणा केली, तीही पाळली नाही! २०२२ चा 'रॉक बिलिव्हर' करोनामुळे लॉस एंजेलिसऐवजी हानोफरलाच रेकॉर्ड झाला, आणि जुलै २०२५ मध्ये तिथल्याच स्टेडियमवर साठ वर्षांचा सोहळा झाला.

आता हे सगळं पालकांच्या ग्रुपवर कशाला? सांगते.

परकी भाषा घेतल्याने स्कॉर्पिअन्सचं काही बिघडलं नाही. हेल तसाच राहिला आणि जगाने त्यासकट त्यांना घेतलं. नुकसान झालं ते स्वतःची गिटार मागे ढकलली तेव्हा. आपल्यालाही कोणी ना कोणी सुचवतं, 'मुलाचं जर्मन सुधारायला हवं, घरीही जर्मनच बोला.' आपण घाबरतो आणि मराठी गुंडाळून ठेवतो. माझ्या भाषेत सांगायचं तर जर्मन ही नवी गुंतवणूक आहे, तिच्यासाठी घरातली जुनी मालमत्ता विकायची गरज नाही. आणि मग वर्षातून एकदा गणपतीत पोराला स्टेजवर उभं करून चार ओळी म्हणवून घ्यायच्या, ते त्या अल्बमवरच्या जर्मन गाण्यासारखंच होतं. रोज वापरात नसलेली भाषा एका दिवसापुरती जिवंत होत नाही. जेवणाच्या टेबलावर, भांडताना, लाडात, गृहपाठावरून ओरडताना बोलली तरच ती राहते.

आणि ज्यांची मुलं तेरा-चौदाची आहेत, मित्रांसमोर 'आई, हळू बोल ना' म्हणतात, जर्मनमध्येच उत्तर देतात, त्यांनी लगेच खातं बुडीत धरू नका. त्या वयात सगळेच त्या वर्षीची फॅशन घालून फिरतात. 'आय टू आय' ते 'अनब्रेकेबल' पाच वर्षं लागली. तोवर आपण आपल्या बाजूने मराठीत बोलत राहायचं, उत्तर कुठल्याही भाषेत येवो.

या वीकेंडला मुलांबरोबर 'ब्लॅकआउट' आणि 'आय टू आय' एकापाठोपाठ ऐका, आणि काय वेगळं वाटलं ते त्यांना विचारा. मराठीत विचारा बरं का! ती काय म्हणाली ते खाली नक्की लिहा.