आठ शर्करा : एका अनुमानाचा इतिहास

फसव्या औषधाचा पाया बहुधा खोटाच असावयाचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु ती बरोबर नाहीं. ज्याचा पाया निखालस खोटा, तें औषध सुशिक्षित घरांत फार दिवस टिकत नाहीं. टिकतें तें असें, कीं ज्याच्या बुडाशीं एखादें निर्विवाद शास्त्रीय सत्य असतें, आणि त्या सत्यावर कोणी तरी परवानगीवांचून एक मजला अधिक चढविलेला असतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत ‘ग्लायकोन्यूट्रिएंट’, म्हणजे शर्करा-पोषकें, या नांवानें जो व्यापार उभा राहिला, त्याचा इतिहास या दृष्टीनें मननीय आहे.

प्रथम सत्य काय तें पाहूं. शर्करांची घटना उलगडण्याचें मोठें श्रेय एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाकडे जातें. त्याला १९०२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यानंतर बराच काळ शर्करा म्हणजे शरीराचें जळण, एवढेंच सामान्यतः मानलें जाई. पुढें असें आढळून आलें, कीं पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना शर्करांच्या लहान लहान साखळ्या जोडलेल्या असतात आणि पेशी एकमेकींस ओळखतात त्यांत या साखळ्यांचा मोठा वाटा असतो. ए रक्तगट व बी रक्तगट यांतील भेद म्हणजे अशा साखळीच्या टोंकावरील एका शर्करेचा भेद होय. १९९६ सालच्या ‘हार्पर्स बायोकेमिस्ट्री’ या प्रसिद्ध पाठ्यग्रंथांत रॉबर्ट मरे यांनीं लिहिलें, कीं निसर्गांत सुमारें २०० साध्या शर्करा असल्या, तरी मानवी प्रथिनांवरील साखळ्यांत सामान्यतः आठच आढळतात. ग्लूकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्यूकोज, झायलोज, दोन अमिनो-शर्करा व सायलिक आम्ल अशी ती यादी आहे. या विधानांत वावगें कांहींच नाहीं.

आतां वरचा मजला पाहा. ‘या आठ शर्करा शरीरास लागतात, आपल्या आहारांत त्यांपैकीं दोनच पुरेशा असतात, म्हणून उरलेल्या सहा विकत घेऊन खाल्ल्या पाहिजेत,’ असें अनुमान विक्रेत्यांनीं काढलें. टेक्सस राज्यांतील मॅनाटेक ही कंपनी या व्यापारांत अग्रेसर होती. तिच्या ‘अँब्रोटोज’ या भुकटीचा प्रसार दुकानांतून नव्हे, तर आप्त, शेजारी व धर्मबंधु यांच्या साखळीनें झाला. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्यानें अशा पूरक आहाराच्या विक्रीपूर्वीं गुण सिद्ध करून दाखविण्याची अट घातली नव्हती. रोग बरा करण्याचा दावा मात्र निषिद्ध होता. तेव्हां डब्यावर सौम्य शब्द छापावयाचे आणि रोगाचें नांव दिवाणखान्यांत घ्यावयाचें, असा मार्ग विक्रेत्यांस मोकळा राहिला.

या अनुमानाची परीक्षा तीन प्रश्नांनीं करितां येते. पहिला प्रश्न असा, कीं शरीरास लागणारी प्रत्येक वस्तु बाहेरूनच घ्यावी लागते काय? जेम्स लिंड यानें १७४७ सालीं स्कर्व्हीनें आजारी असलेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निराळा उपचार दिला. संत्रीं व लिंबें खाणारी जोडी सर्वांत लवकर सुधारली. फळांतील तें द्रव्य मानवी शरीरास स्वतः बनवितां येत नाहीं, हें पुढें सिद्ध झालें. खरी ‘आवश्यकता’ ती ही. उलट, निरोगी शरीर या आठही शर्करा भाकरी-भातापासून मिळणाऱ्या ग्लूकोजपासून स्वतः तयार करतें. ‘शरीरांत असणें’ आणि ‘आहारांत असावें लागणें’ या दोन गोष्टी एक मानल्या, तेथेंच अनुमान घसरलें.

दुसरा प्रश्न : भुकटींतील शर्करा रक्तांत पोंचतात काय? तिच्या घटकांत कोरफडीचा गर, लार्च वृक्षाचें द्रव्य, ट्रॅगाकॅन्थ डिंक आणि आपल्या परिचयाचा धावड्याचा डिंक हीं होतीं. थंडींत ज्याचे लाडू वळतात तोच हा डिंक. त्याच्या पौष्टिकपणाविषयीं एथें वाद नाहीं. पण या पदार्थांतील शर्करांच्या लांब साखळ्या तोडण्यास लागणारे पाचकरस मानवी शरीरांत नाहींत. त्या बहुतांशीं मोठ्या आंतड्यापर्यंत तशाच जातात आणि तेथील सूक्ष्म जंतु त्यांचें रूपांतर मुख्यतः आम्लांत करतात. पेशीच्या दारीं त्या शर्करा म्हणून उभ्याच राहत नाहींत.

तिसरा प्रश्न निर्णायक होय : भुकटी घेणारे व न घेणारे, अशा सारख्या रोग्यांची तुलना केली काय? ‘अमक्यास गुण आला’ ही साक्ष प्रामाणिक असूं शकते, तथापि ती पुरावा नव्हे. कांहीं आजार आपोआप चढतात-उतरतात. रोगी बहुधा दुसरेंही औषध घेत असतो. आणि ज्यांस गुण आला नाहीं ते सभेंत बोलावयास उभे राहत नाहींत.

यावर कोणी म्हणेल, कीं वैद्यकाला साखरेचाच आकस असावा. इतिहास याच्या उलट आहे. एका दुर्मिळ जन्मजात विकारांत ग्लूकोजपासून मॅनोज-साखळी तयार करण्याचा एक दुवाच निकामी असतो. मुलाचें यकृत, आंतडीं व रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. १९९८ सालीं जर्मन वैद्य व त्यांचे सहकारी यांनीं अशा मुलास तोंडानें मॅनोज देऊन त्याची प्रकृति सुधारल्याचें प्रसिद्ध केलें. त्या निबंधाच्या लेखकांत हडसन फ्रीझ हे अमेरिकी शास्त्रज्ञ होते. आणि याच फ्रीझ यांनीं रोनाल्ड श्नार यांच्यासह २००८ सालीं ‘ग्लायकोबायॉलॉजी’ या नियतकालिकांत शर्करा-पोषकांच्या व्यापारावर कडक टीका केली. साखरेनें रोग बरा करणाराच साखरेच्या व्यापाराचा टीकाकार झाला, यांत विसंगति नाहीं. दोन्हीं ठिकाणीं त्यानें मापदंड एकच लावला.

त्याच मापदंडाचें एक ताजें उदाहरण आहे. मॅनोज घेतल्यानें स्त्रियांच्या मूत्रमार्गाचा वारंवार होणारा दाह टळतो, ही कल्पना सयुक्तिक होती आणि लहान प्रयोगांतून आशाही दिसली होती. ब्रिटनमध्यें ५९८ स्त्रियांवर सहा महिने तुलना केली, तिचा निकाल २०२४ सालीं आला. मॅनोज घेणाऱ्यांपैकीं ५१ टक्के व दुसरी साखर घेणाऱ्यांपैकीं सुमारें ५६ टक्के स्त्रियांस पुन्हां वैद्याकडे जावें लागलें. हा फरक योगायोगानेंही पडण्याजोगा होता. सयुक्तिक कल्पनेसही परीक्षा माफ नाहीं.

टेक्ससमधील प्रकरण अखेर न्यायालयांत गेलें. कर्करोग, डाउन सिंड्रोम इत्यादि विकार बरे होतात असें सांगून लोकांची दिशाभूल केली, असा दावा राज्याच्या महाधिवक्त्यानें २००७ सालीं लावला. २००९ सालीं तडजोड झाली : कंपनीनें ग्राहकांस ४० लाख डॉलर परत करावे, संस्थापकानें १० लाख दंड भरावा आणि पांच वर्षें कंपनीच्या कारभारापासून दूर राहावें. पैसे अशा रीतीनें कांहीं अंशीं परत मिळाले. असाध्य रोगानें पछाडलेल्या मुलाच्या आईबापांनीं डब्यामागून डबा घेतांना जी आशा खर्ची घातली, तिची परतफेड कोणत्याही तडजोडींत बसत नाहीं.

आपल्या घरींही असे डबे येतात, आणि ते आणणारा बहुधा आपलाच मनुष्य असतो. त्याच्या हेतूवर संशय घेण्याचें कारण नाहीं. हें द्रव्य शरीर स्वतः करीत नाहीं काय, तें पोटांतून रक्तांत जातें काय, आणि न घेणाऱ्यांशीं कोणी तुलना केली काय, एवढें त्यास विचारावें. उत्तरादाखल पुन्हां त्या आठ शर्करांचीच महती ऐकूं आली, तर डबा आदरपूर्वक परत करावा.