तुटलेला मज्जातंतु आणि एकत्र बसलेले वैद्य



फार वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलाच्या उजव्या मनगटांत फुटकी काच शिरली. जखम शिवली, ती भरूनहि आली. परंतु करंगळी व तिच्या शेजारचें बोट आंखडलें, करंगळीचें स्पर्शज्ञान गेलें. आंत मज्जातंतु तुटला असावा, ही शंका वर्षभर कोणासच आली नाहीं. त्या मुलाचें पूर्वींचें वळणदार अक्षर मीं पाहिलें होतें, नंतरचेंहि पाहिलें. तेव्हांपासून ह्या विषयाचा इतिहास मी वाचीत आलों.

कापलेल्या जागेपलीकडील तंतु नाश पावतात, हें १८५० सालीं ऑगस्टस वॉलर ह्यांनीं बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूंवर प्रयोग करून दाखविलें. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धांत फिलाडेल्फिया येथें अशा जखमांसाठीं खास रुग्णालय चाललें. तेथें मिचेल, मोरहाउस व कीन ह्या तिघां वैद्यांनीं मिळून रोग्यांचीं टिपणें ठेविलीं आणि १८६४ सालीं ग्रंथ लिहिला. जखम बरी झाल्यावरहि हातापायांत उरणाऱ्या जळत्या वेदनेचें वर्णन त्यांनीं केलें.

दुसऱ्या महायुद्धांत हें सहकार्य अधिक व्यापक झालें. ऑक्सफर्ड येथें शस्त्रवैद्य सेडन ह्यांच्या जोडीला यंग व मेडावर हे प्राणिशास्त्रज्ञ होते. रक्तांतील गोठणाऱ्या द्रव्यानें तुटकीं टोकें चिकटविण्याची त्यांची युक्ति प्रयोगशाळेंतून माणसांच्या उपचारापर्यंत पोंचली. १९४३ सालीं सेडन ह्यांनीं इजेचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यांत तंतु शाबूत असून काम तेवढें थांबतें; दुसऱ्यांत आंतील तंतु तुटतात, पण वेष्टन टिकतें; तिसऱ्यांत सारेंच तुटतें, व तेथें शस्त्रक्रियेवांचून गति नाहीं.

परंतु कोणता उपचार चांगला, हें एकट्या वैद्यास थोड्या रोग्यांवरून कसें ठरवितां येणार? म्हणून ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळानें निरनिराळ्या केंद्रांसाठीं तपासणीची एकच रीत घातली: स्नायूच्या शक्तीस शून्य ते पांच गुण. परीक्षकांचें माप एक नसेल तर दोन शाळांची तुलना होत नाहीं, तसेंच हें. केंद्रांचा एकत्रित अहवाल १९५४ सालीं निघाला. ती गुणपद्धति आजहि जगभर चालते.

आपल्या देशांतहि हा प्रश्न जुनाच. कुष्ठरोगाचा जंतु मज्जातंतूंवरच घाला घालतो. वेल्लोर येथें डॉ. पॉल ब्रँड ह्यांनीं, व मागाहून मुंबईंत डॉ. नोशीर अंतिया ह्यांनीं, आंखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. जेथें मज्जातंतु परत येत नाहीं, तेथें सुदृढ स्नायूची कंडरा दुसरीकडे जोडून बोटें चालवितां येतात. मात्र तें काम व्यायामोपचार करणाऱ्यांच्या साह्यावांचून तडीस जात नाहीं.

आतां एक सोपें गणित. जोडलेला मज्जातंतु दिवसाला सुमारें एक मिलिमीटर वाढतो. कोपरापासून तळहात तीस सेंटिमीटर धरला, तर तीनशें दिवस झाले. इकडे मज्जातंतूवांचून स्नायु वर्ष-दीड वर्षांत कायमचा निकामी होऊं लागतो. आरंभींच सहा महिने दवडले, तर हें गणित जमावें कसें?

म्हणून घरांत कोणाचा हात कापला, तर रक्त थांबल्यावर एवढें अवश्य विचारा: सगळीं बोटें हलतात काय? प्रत्येकास स्पर्श कळतो काय? उत्तर 'नाहीं' आलें, तर त्याच दिवशीं जाणत्या शस्त्रवैद्याकडे जा. माझ्या विद्यार्थ्याला हे दोन प्रश्न कोणीं विचारले नाहींत. मींहि विचारले नाहींत.