पडद्यावरची सीमाभागी मराठी : जमलेले आणि फसलेले हेल

निपाणी तालुक्यातील बोरगाव हे इचलकरंजीच्या शेजारचे, पण कर्नाटकातील गाव. राज्य पुनर्रचनेनुसार 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव, निपाणी, चिकोडी हा मुलूख मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. कागदावर सीमा आखली गेली, तरी बोलीने ती मानली नाही. बोरगावच्या बाजारात ऐकू येणारी मराठी कागल-इचलकरंजीकडच्या मराठीची सख्खी बहीण आहे, आणि तिच्या कानाशी अष्टौप्रहर कानडी आहे. मराठी चित्रपट आणि मालिका या बोलीकडे अधूनमधून वळतात. कधी त्यांना ती साधते, बहुतेक वेळा निसटते. ती नेमकी कुठे निसटते, याची कारणे व्याकरणात सापडतात.

सर्वांत मोठा घोटाळा दोन वेगळ्या गोष्टी एक मानण्यात आहे. कानडी मातृभाषा असलेला माणूस मराठी बोलतो तेव्हा तो लिंगांपाशी अडखळतो, कारण कानडीत लिंगभेद मुख्यतः माणसांपुरता असतो आणि निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी असतात. मराठीत मात्र खुर्ची ‘ती’, पंखा ‘तो’ आणि टेबल ‘ते’. हा गोंधळ परभाषकाचा असतो. सीमाभागातील मराठी मातृभाषक असा अडखळत नाही. त्याच्या बोलीचे स्वतःचे नियम आहेत आणि तो ते काटेकोर पाळतो. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातील अनेक स्त्रिया ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात, ती चूक नव्हे. तेथे प्रथमपुरुषी क्रियापद स्त्री-पुरुष दोघांना सारखेच चालते. कानडीतही प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाही, त्यामुळे या रूपाचा संबंध शेजारभाषेशी जोडला जातो. पडद्यावर मात्र असे वाक्य आले की ते हमखास विनोदासाठी येते, आणि गंभीर प्रसंगात तीच नायिका बिनदिक्कत ‘मी जाते’ म्हणून मोकळी होते. नट ही बोली शिकला आहे की नाही, हे येथेच कळते.

दुसरी खूण चालू काळाची. ‘पाऊस पडतो आहे’ याऐवजी येथे ‘पाऊस पडालाय’, ‘काय करतो आहेस’ याऐवजी ‘काय करालायस’ असे ऐकू येते. वाक्याच्या शेवटी येणारा ‘की’ आणि पुरुषाला हाक मारतानाचा ‘गा’ याही याच मुलखाच्या खुणा. शब्द पाठ करणे सोपे आहे. वाक्य कुठे चढते आणि कुठे टेकते, ते कानाला लागायला वेळ द्यावा लागतो.

या बोलीचे सर्वाधिक ऐकले गेलेले सोंग पडद्यावरचे नाही, ते एका आवाजाचे आहे. पु. ल. देशपांडे यांनी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापन केले होते. त्या वास्तव्यात भेटलेल्या कृष्णराव हरिहरांवर त्यांनी ‘रावसाहेब’ हे व्यक्तिचित्र लिहिले. ते ‘गणगोत’ या संग्रहात आहे आणि त्याचे पुलंनीच केलेले वाचन ध्वनिमुद्रित आहे. मुंबईत जन्मलेल्या माणसाने उचललेला हा कानडी हेल आजही चकित करतो. त्यात नुसती उच्चारांची नक्कल नाही. लिंगे चुकतात, पण माणूस कुठेही लहान होत नाही. श्रोता आधी हसतो आणि शेवटी गप्प होतो. मात्र या यशाचा एक उलटा परिणाम झाला. रावसाहेबांची मराठी ही कानडी घरातल्या माणसाची मराठी. पण उर्वरित महाराष्ट्राने तीच बेळगावची मराठी समजून घेतली. पुढे महेश मांजरेकर यांच्या ‘भाई : व्यक्ती की वल्ली’ (2019) या चित्रपटात ही भूमिका हृषीकेश जोशी यांच्याकडे आली. पुलंचा आवाज लाखोंच्या कानात असताना ते रावसाहेब साकारायचे, म्हणजे तुलनेला आमंत्रणच. जोशी मूळचे कोल्हापूरचे, त्यामुळे हा मुलूख त्यांच्या कानाला परका नव्हता, आणि ते जाणवते.

सीमाभागाच्या खऱ्या मराठीच्या सर्वांत जवळ गेलेला चित्रपट ‘जोगवा’ होय. राजीव पाटील यांनी दिग्दर्शित केलेला हा 2009 चा चित्रपट राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवर आणि चारुता सागर यांच्या ‘दर्शन’ या कथेवर आधारलेला आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या जोगते-जोगतिणींचे हे जग गडहिंग्लज, निपाणी, बेळगाव अशा पट्ट्यात पसरलेले. उपेंद्र लिमये (तायप्पा) आणि मुक्ता बर्वे (सुली) हे दोघेही पुणे परिसरातील. तरीही त्यांची बोली कुठे उसनी वाटत नाही. एक कारण उघड आहे : गवसांचे लेखन त्याच मातीतले असल्याने पटकथेच्या पायाशीच बोली होती, ती नंतर वरून शिंपडलेली नव्हती. दुसरे कारण अभिनयाचे. लिमये हेल दाखवत नाहीत. तायप्पाला लाज, संताप आणि भीती यांतून बोलायचे आहे आणि हेल त्या दडपणाखाली आपसूक येतो. या भूमिकेसाठी त्यांना 56 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

छोट्या पडद्याचे गणित निराळे. ‘तुझ्यात जीव रंगला’ (2016 ते 2021) या मालिकेने कोल्हापुरी बोली घराघरांत नेली, हे श्रेय तिला द्यावेच लागेल. पण रोजच्या भागाच्या घाईत बोली हळूहळू पालुपदापुरती उरते. ‘चालतंय की’ महाराष्ट्रभर गाजले. त्याच्या आगेमागे येणारी वाक्ये मात्र पुष्कळदा कोणत्याही गावाची होती. मराठी पडद्याने अशी एक सर्वसाधारण ‘गावरान’ भाषा फार पूर्वीच घडवली आहे. ‘आवं’, ‘न्हाय’, ‘व्हय जी’ एवढ्या भांडवलावर साताऱ्यापासून लातूरपर्यंतचा कोणताही पाटील उभा राहतो. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, कोल्हापुरात तो ‘डोळा’च राहतो, पण या भाषेला असल्या भेदांचे सोयरसुतक नाही. नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’मध्ये (2016) हा प्रश्नच निकाली काढला. रिंकू राजगुरू अकलूजची आणि आकाश ठोसर करमाळा तालुक्यातील जेऊरचा, त्यामुळे हेल शिकवण्याची गरजच उरली नाही. त्याच्या ‘धडक’ (2018) या हिंदी अवताराची कथा उदयपूरला नेली गेली आणि तेथील बोलीचा प्रयत्न टीकेचा विषय झाला.

गोमंतकीय वाचकाला हे दुखणे नवे नाही. ‘बॉबी’मधला (1973) प्रेमनाथ यांचा जॅक ब्रागांझा लोभस खरा, पण हिंदी पडद्यावरच्या गोंयकाराला त्यानंतर वर्षानुवर्षे ‘मॅन’ म्हणतच फिरावे लागले. याउलट बार्द्रॉय बार्रेटो यांच्या ‘नाचुंया कुंपासार’मध्ये बंगाली पालोमी घोष हिने कोकणी अशी आत्मसात केली की 62 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. मालवणीबाबत मच्छिंद्र कांबळी यांच्या ‘वस्त्रहरण’ने रंगभूमीवर घालून दिलेला मापदंड इतका उंच होता की ‘रात्रीस खेळ चाले’सारख्या मालिकेतील सौम्य केलेली मालवणी सिंधुदुर्गातल्या कानाला फिकी वाटणे स्वाभाविकच.

जगभर हेच चालते. ‘हायलँडर’मध्ये (1986) फ्रेंच नट क्रिस्टोफर लॅम्बर्ट स्कॉटिश योद्धा झाला आणि खरा स्कॉटिश शॉन कॉनरी इजिप्तचा माणूस, तोही आपला मूळ हेल तसाच ठेवून. कॉनरीने ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’मध्ये (1990) सोव्हिएत पाणबुडीचा कप्तानही त्याच हेलात रंगवला. मोठ्या नटाला हे माफ असते. एडिंबरोच्या माणसाने त्यावर हसून पुढे जावे, कारण तो स्कॉटिश आहे की नाही, हे त्याला कोणी विचारत नाही.

सीमाभागात हा प्रश्न विचारला जातो. बोरगाव-निपाणीच्या माणसाने सहा दशकांहून अधिक काळ आपण मराठी आहोत हे सरकारदरबारी सांगितले आहे, आणि पुण्या-मुंबईत तोंड उघडताच ‘तुम्ही कानडी का?’ हेही ऐकले आहे. म्हणून पडद्यावरचा सीमाभागी माणूस केवळ अडखळणारा आणि हास्यास्पद दिसला, तर ती येथे निव्वळ करमणूक राहत नाही.

नटांना आणि संवादलेखकांना अभ्यासाला साहित्य नाही, असे म्हणता येणार नाही. निपाणीचे कथाकार महादेव मोरे (निधन 2024) यांनी तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका, गॅरेजमधले मिस्त्री आणि मोटारींवरचे ड्रायव्हर त्यांच्याच बोलीत बोलते केले. त्या कथांतील माणसे कानडी शब्द वापरतात, शिव्या देतात, हिशेब करतात, आणि त्यांची मराठी कुठेही माफी मागत नाही.