‘वर्धा’चं ‘वधार्’ का होतं?

पेटची तयारी करताना प्राथमिक साधनं कोणती आणि दुय्यम कोणती, हे तुम्ही पाठ केलं असेल. पत्रं, दप्तरं, वर्तमानपत्रं, संस्थांचे अहवाल वगैरे. पण साधन हातात आहे आणि तरी वाचता येत नाही, असं झालं तर? मी मोडीबद्दल बोलत नाहीये. पंचवीसेक वर्षांपूर्वी साध्या बाळबोध मराठीत टाइप केलेल्या फाईलबद्दल बोलतोय.

माझं संशोधन आपल्या जिल्ह्यातल्या छोट्या छपाई व्यवसायांवर आहे. मालकी हक्काचं सॉफ्टवेअर सोडून हे लोक मुक्त स्रोताकडे, म्हणजे ओपन सोर्सकडे कसे जातात, का जातात, आणि पुष्कळदा का जात नाहीत, हा माझा प्रश्न. सुरुवातीला मला वाटायचं की ही सगळी पैशांची गोष्ट आहे. परवान्याचा खर्च किती, वाचला किती, झालं. एका दुकानात ही समजूत मोडली.

वर्ध्यातल्या त्या डीटीपीच्या दुकानात काकांनी मला सीडींचा एक डबा काढून दिला. त्यात एका स्थानिक साप्ताहिकाचे १९९९ ते २००७ पर्यंतचे अंक होते, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल होते, लग्नपत्रिका होत्या. मी लॅपटॉपवर एक फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, चलनाची चिन्हं आणि डोक्यावर टोप्या घातलेली युरोपीय अक्षरं. मराठी एकही नाही. काका म्हणाले, “फाईल आहे ना जी, अक्षरं गेली.” जुनं मशीन बसलं, त्याबरोबर प्रिंटरच्या पोर्टला लावायचं ते लॉकही गेलं. कंपनीला विचारलं तर ती आवृत्ती बंद झाली, असं उत्तर मिळालं.

आता ही वर्षं कोणती ते बघा. २००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यांत वर्धा होता. त्या काळात बाहेरचे पत्रकार इथे येऊन गेले. त्यांचं लिखाण ग्रंथालयात मिळतं. पण इथल्याच बातमीदाराने आठवड्याला आठवडा काय लिहिलं, ते या डब्यात अडकलं होतं. छापील अंकही फारच थोडे उरलेत.

२५६ खाने आणि एक तक्ता

हे का होतं, ते नीट समजून घ्या. त्या काळातल्या फॉन्टमध्ये २५६ खाने असायचे. निम्मे खाने इंग्रजीच्या नेहमीच्या चिन्हांचे. मराठीला जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, वेलांट्या सगळंच लागतं. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं प्रमाण होतं, ते १९९१ मध्ये भारतीय मानक ठरलं. पण इस्की अक्षर साठवतं, त्याचा आकार नाही. पडद्यावर कोणता आकार काढायचा, हे वरच्या सॉफ्टवेअरने ठरवायचं. पेजमेकरसारख्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरला ते जमत नव्हतं. म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी आकारांचे तुकडेच खान्यांत भरले. कोणता तुकडा कुठल्या खान्यात, याचा तक्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा. फाईलमध्ये साठवला जायचा तो फक्त खान्याचा नंबर. तक्ता कंपनीकडे, आणि तो उघडायची किल्ली लॉकमध्ये.

त्यात क्रमही डोळ्यांना दिसतो तसा. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. रफार सगळ्यात शेवटी. म्हणून अशा मजकुराचं साधंसुधं रूपांतर केलं की ‘वर्धा’चं ‘वधार्’ होतं. मग तुम्ही ‘वर्धा’ शोधलंत तर संगणक सांगतो, असा शब्दच नाही. आपल्या जिल्ह्याचं नाव आपल्याच कागदपत्रांत सापडत नाही!

लिपी यंत्रासाठी आधीही वाकली होती

कुणी म्हणेल, यंत्र नवं आलं की असं होणारच. इथे वर्ध्याचाच इतिहास कामाला येतो. १९३६ मध्ये इथे राष्ट्रभाषा प्रचार समिती सुरू झाली. तिची जुनी हिंदी पुस्तकं उघडा, ‘इस’च्या जागी ‘अिस’ दिसेल, ‘उस’च्या जागी ‘अुस’. अ ची बाराखडी. खिळे आणि टंकयंत्राच्या कळा कमी व्हाव्यात, नागरी शिकायला सोपी व्हावी, हा हेतू. काका कालेलकरांसारखी मंडळी त्या लिपिसुधारणेत पुढे होती.

ही सुधारणा टिकली नाही. पण तिच्यातलं पुस्तक आजही तुम्ही घडाघड वाचता, कारण नियम पानावरच दिसतो. त्यावर चर्चा झाली, विरोध झाला, लोकांनी ती नाकारलीसुद्धा. १९९० च्या दशकातही लिपी यंत्रासाठी वाकली. फरक एवढाच की या वेळी नियम बंद तक्त्यात होता आणि वापरणाऱ्याला तो ठाऊकही नव्हता. माझ्या मते या विषयाचा गाभा हा आहे. सॉफ्टवेअरची किंमत किती, हा दुसरा प्रश्न. नियम कोणाला माहीत आहे, हा पहिला.

मग सगळे लगेच का बदलले नाहीत?

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. त्याचा तक्ता जाहीर आहे, कुणीही वापरावा. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फॉन्ट मुक्त परवान्याने दिले. मग डीटीपीवाले जुन्यालाच का चिकटून राहिले? ‘लोकांमध्ये जागरूकता नाही’ असं एक वाक्य आपण प्रबंधात सहज टाकून देतो. कृपया टाकू नका.

दुकानात बसून बघितलं तर ही एक साखळी आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ ची. तिला युनिकोड कळत नाही. ऑपरेटरची बोटं जुन्या कळपाटावर बसलेली. प्लेट काढणारा त्याच फाईली मागतो. गिऱ्हाईक मागच्या वर्षीचाच अहवाल आकडे बदलून मागतं. एक कडी बदलायची तर चारही बदलाव्या लागतात, तेही लग्नसराईच्या तोंडावर.

आणि मुक्त स्रोताची बाजूही तेव्हा तयार नव्हती, हे प्रामाणिकपणे लिहायला पाहिजे. पानं लावायचं मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रायबस. त्यात भारतीय लिप्यांची जोडाक्षरं नीट जुळायला लागली ती २०१७ च्या १.५.३ या आवृत्तीपासून, आणि तीही चाचणीची. स्थिर १.६ आली जानेवारी २०२४ मध्ये. म्हणजे २०१० साली ज्या दुकानदाराने नकार दिला, तो अडाणी नव्हता. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला ‘श्री’ सुद्धा नीट लावता आला नसता.

साखळी सैल झाली ती भलत्याच ठिकाणी. पीडीएफ २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं. प्लेटवाला हळूहळू पीडीएफ घ्यायला लागला, आणि आत कोणतं सॉफ्टवेअर वापरलं हे त्याला कळेनासं झालं. तेव्हा कुठे एकेक काम बाहेर काढता आलं. काकांच्या दुकानात आज अहवाल आणि पुस्तकं लिबरऑफिसमध्ये युनिकोडमधून होतात. लग्नपत्रिका मात्र अजून जुन्या मशीनवरच, कारण नक्षीदार फॉन्ट तिथे जास्त आहेत. याला स्थलांतर पूर्ण झालं म्हणायचं की नाही? मी माझ्या टिपणांत ‘अर्धं’ असं लिहिलंय आणि ते तसंच ठेवणार आहे.

तुम्ही कामाला लागाल तेव्हा

पहिलं, पीडीएफ मिळाली म्हणून खूश होऊ नका. एक ओळ कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करा. काहीच निघालं नाही तर ते स्कॅन आहे. भलती अक्षरं निघाली तर जुना फॉन्ट आहे. नीट मराठी निघालं, तरच त्यातल्या शोधावर विश्वास ठेवा, आणि तरी रफार तपासा.

दुसरं, मुलाखतीत फक्त ‘कधी बदललं’ विचारू नका. फॉन्टचं नाव, आवृत्ती, लॉक कुठे आहे, प्लेट कोण काढायचं, हे विचारा. उत्तरं त्यातच असतात.

तिसरं, छापील प्रत शोधा. मला एका वर्गणीदाराच्या घरी त्या साप्ताहिकाचा एक अंक मिळाला. तोच अंक सीडीवर होता. दोन्ही शेजारी ठेवून, कोणतं चिन्ह म्हणजे कोणता तुकडा, असा तक्ता वहीत उतरवत गेलो. वेलांटी आणि रफार जागेवर आणायला सगळ्यात जास्त वेळ गेला. काही जोडाक्षरं त्या अंकात आलीच नव्हती, तिथे अजून प्रश्नचिन्हं आहेत.

तक्ता जमल्यावर वाचलेली पहिली बातमी कापसाच्या चुकाऱ्याची होती. प्रिंट काढून काकांना दाखवली. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि विचारलं, “बाकीच्याही निघतील का जी?”

निघतील बहुतेक. तक्ता आता माझ्या वहीत आहे आणि एक प्रत त्यांच्या दुकानात. कुणाला लागला तर मागा.