फूल आणि दोन पाने : गोव्याला १९६७ साली विचारलेला प्रश्न

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातील मतदाराच्या हाती जी मतपत्रिका पडली, तिच्यावर एकाही उमेदवाराचे नाव नव्हते. दोन चिन्हे होती. फूल म्हणजे गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे. दोन पाने म्हणजे त्याने केंद्रशासित प्रदेश म्हणूनच राहावे. सरकारी भाषेत याला 'ओपिनियन पोल' म्हटले गेले, मराठीत तो 'जनमत कौल' झाला. हे भाषांतर ज्याने कोणी केले त्याला गोवा चांगला ठाऊक असावा. गोव्यातल्या आणि कोकणातल्या देवळांत देवाला कौल लावण्याची रीत आहे. मूर्तीला पाकळ्या किंवा पाने चिकटवायची, गाऱ्हाणे घालायचे आणि कोणत्या बाजूचा प्रसाद आधी पडतो ते पाहायचे. देव उजवे किंवा डावे एवढेच सांगतो. म्हणून प्रश्न कसा घालायचा हे जाणकार माणसावर सोपवतात. प्रश्न चुकला तर उत्तराचा काही उपयोग नसतो.

या कौलाविषयी आपल्याकडे (म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठी वाचकांत) जे बोलले जाते, ते बहुतेक उत्तराविषयी असते. प्रश्नाकडे फारसे कोणी पाहत नाही. साहित्याच्या अभ्यासकाला निदान संहिता वाचायची सवय असते. त्याने तरी आधी प्रश्न वाचावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली आणि दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. पक्षाच्या नावातच त्याचे धोरण होते. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधी बाकांवर बसला. आपला विजय हाच विलीनीकरणाचा कौल, असे सत्ताधारी पक्षाचे म्हणणे. १९६५ च्या आरंभी गोवा विधानसभेने आणि पाठोपाठ महाराष्ट्र विधानसभेने विलीनीकरणाचे ठराव केले. निवडणूक जिंकली म्हणजे असा निर्णय करण्याचा अधिकार मिळाला असे नव्हे, तो प्रश्न थेट लोकांनाच विचारा, ही सिक्वेरांची मागणी होती. ती मान्य झाली. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी खास कायदा केला. प्रचार निःपक्ष वातावरणात व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. केंद्रात त्या वेळी गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. संयुक्त महाराष्ट्राचा मंगलकलश आणणाऱ्या नेत्याच्याच खात्याकडे हे काम यावे, हा योग मोठा विलक्षण होता.

आता प्रश्न. गोव्यापुरते दोन पर्याय : महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे. (दमण आणि दीवच्या मतदारांना हेच गुजरातच्या संदर्भात विचारले गेले.) स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्याय नव्हता. भाषा हा शब्द कोठेही नव्हता. मराठी की कोंकणी, कोंकणी ही भाषा की बोली, शाळांचे माध्यम कोणते असावे, यातले काहीच मतपत्रिकेवर नव्हते. परगावी, विशेषतः मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांनाही मत द्यायला मिळावे, ही मागणी अमान्य झाली होती. म्हणजे 'गोवेकर' कोण, याचेही एक उत्तर प्रश्नात आधीच देऊन टाकलेले होते.

मतदाराच्या मनात मात्र दोनच पर्याय नव्हते. महाराष्ट्रात कूळकायदा होता. विलीनीकरण झाले तर कसतो ती जमीन आपली होईल, ही पेडणे-सत्तरीकडच्या कष्टकऱ्याची आशा खोटी नव्हती. भाटकारशाहीखाली पिढ्या घालवलेल्या बहुजन समाजाला महाराष्ट्रात सामाजिक न्यायाची हमी दिसत होती. दुसरीकडे, महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता. माडी काढणारा रेंदेर, फेणीची भट्टी चालवणारा, छोटा ताव्हेर्नवाला या सगळ्यांच्या पोटाचा तो प्रश्न होता. मुक्तीनंतर महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांचा तोरा सुशिक्षित तरुणांना सलत होता. उद्या पणजी ही राजधानी न राहता एका जिल्ह्याचे ठाणे होईल, हेही दिसत होते. जमीन, दारू, नोकरी, भाषा, धर्म, जात एवढे सगळे एका फुलात आणि दोन पानांत मावायचे होते.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत असे प्रश्न निवडणुकीबरोबरच मतदारापुढे येतात आणि प्रत्येक प्रश्नाचा अर्थ, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद छापलेली सरकारी पुस्तिका मतदानाआधी घरी पोहोचते. तरीही गोंधळ होतोच. 'हो' म्हणजे नेमके कशाला हो, हे तिथेही समजावून सांगावे लागते. बहुसंख्य निरक्षर असलेल्या गोव्यात ते काम वृत्तपत्रांनी, कोपरा सभांनी आणि गाण्यांनी केले. उल्हास बुयांवांचा आवाज आणि मनोहरराय सरदेसायांसारख्या कवींचे शब्द गावोगाव पोहोचले. ही कोंकणी बाजू सर्वज्ञात आहे. कमी सांगितले जाते ते हे, की विलीनीकरणविरोधाचे एक प्रमुख वृत्तपत्र मराठी होते. पणजीचा 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूचा, तर मडगावचा 'राष्ट्रमत' विरोधातला, आणि दोन्ही मराठी दैनिके. उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर 'राष्ट्रमत'मध्ये मराठीतच येत असे. महाराष्ट्रात जायचे नाही, हे हिंदू गोवेकराला पटवून देण्याची भाषा मराठी होती! मराठी वाचणे आणि महाराष्ट्रात असणे या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे आपल्याला आजही पचवणे जड जाते. त्या वाचकाला ते कोणी शिकवावे लागले नाही.

निकाल असा : ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत फुलाची सरशी झाली, सासष्टीने दोन पानांना भरभरून दिले. यावरून 'ख्रिश्चनांनी विलीनीकरण पाडले' असा निष्कर्ष महाराष्ट्रात काढला गेला आणि तो पुष्कळ वर्षे टिकला. गोव्यात हिंदूंची संख्या त्या वेळीही साठ टक्क्यांच्या आसपास होती. त्या सर्वांनी फुलावर शिक्का मारला असता तर हा निकाल लागता ना. हिशेब साधा आहे. तो न करण्यात आपली सोय होती.

मला या सर्व प्रकरणात खरे महत्त्वाचे वाटते ते पुढचे. २८ मार्च १९६७ रोजी, म्हणजे अवघ्या एकाहत्तर दिवसांनी, विधानसभेची निवडणूक झाली. जनमत कौलात हरलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १६ जागा घेऊन जिंकला. युनायटेड गोवन्स १२ वर थांबला. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. विलीनीकरण नको म्हणणाऱ्या प्रदेशाने विलीनीकरणवादी पक्षालाच राज्य करायला बसवले. पुष्कळांनी याला विसंगती म्हटले, काहींनी मतदाराचा भोळेपणा. मला उलट वाटते. पक्षाला मत देताना मतदार एक गाठोडे उचलतो. त्यात जमीन असते, शाळा असते, आपल्या माणसाला मिळालेला मान असतो, आणि विलीनीकरणही असते. जानेवारीत ते गाठोडे सोडून त्यातली एकच वस्तू समोर ठेवली गेली. ती नको, असे पुरेशा लोकांनी सांगितले. मार्चमध्ये पुन्हा गाठोडे समोर आले, आणि उरलेल्या वस्तूंसाठी त्यांनी ते उचलले. १९६३ च्या विजयातून विलीनीकरणाचा कौल वाचणे चूक होते, हे सिक्वेरांचे म्हणणे या दुसऱ्या निकालाने जितके सिद्ध झाले तितके पहिल्यानेही झाले नव्हते. आणि ते सिद्ध होताना सिक्वेरांचाच पक्ष हरला.

हा न्याय उलट बाजूलाही लावला पाहिजे. दोन पानांचा विजय म्हणजे कोंकणीचा विजय आणि मराठीचा पराभव, असे नंतर दोन्ही गोटांत मानले गेले. एका गोटात अभिमानाने, दुसऱ्यात चिडून. पण जे विचारलेच नव्हते त्याचे उत्तर निकालात शोधता येत नाही. साहित्य अकादमीने कोंकणीला १९७५ साली मान्यता दिली, राजभाषा कायदा १९८७ साली झाला. त्या लढाया वेगळ्या झाल्या, वेगळ्या जिंकल्या गेल्या. त्या कायद्यातही कोंकणीबरोबर मराठीच्या वापराची तरतूद राहिली, आणि तिच्यावरून होणाऱ्या वादात अजूनही १९६७ चे आकडे फेकले जातात.

प्रश्नाची घडण किती निर्णायक असते, हे पाहायला सिक्कीम पुरेसे आहे. १४ एप्रिल १९७५ च्या तिथल्या सार्वमतात छोग्याल हे पद रद्द करणे आणि सिक्कीमने भारताचा घटक होणे या दोन गोष्टी एकाच होकारात बांधलेल्या होत्या. राजा नको पण विलीनीकरणही नको, असे ज्याला म्हणायचे होते त्याला मतपत्रिकेवर जागाच नव्हती. होकारार्थी मते ५९ हजारांहून अधिक पडली, नकारार्थी दीड हजारही नाहीत. गोव्याच्या प्रश्नाला काय वाटेल ते दोष द्यावेत (मी वर दिलेच आहेत), पण त्याने दोन गोष्टींची अशी मोट बांधली नव्हती.

३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले. वीस वर्षांपूर्वी मतपत्रिकेवर नसलेला तिसरा पर्याय प्रत्यक्षात आला, तेव्हा मतपत्रिका काढली गेली नाही. त्याच दिवशी दमण आणि दीव गोव्यापासून वेगळे झाले. १९६७ साली तिथल्या लोकांनीही गुजरातला नकार देऊन केंद्रशासित राहणे पसंत केले होते. २६ जानेवारी २०२० पासून तो प्रदेश दादरा आणि नगर हवेलीला जोडला गेला. त्यासाठी संसदेचा कायदा झाला. या वेळी कौल लावला गेला नाही.