खैरियत : नौदलात गेलेल्या मुलांच्या घरांचा इतिहास

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात रणावर गेलेल्यांची नोंद असते. त्यांच्यामागे घरी राहिलेल्या आईबापांची नोंद सहसा नसते. आम्ही पुण्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या हाताखालून गेलेला एखादा मुलगा नौदलात भरती होतो, तेव्हा त्याचे आईवडील दाखल्यांसाठी शाळेत येतात. मुलगा प्रशिक्षणाला गेल्यावरही ते येत राहतात. काम काहीच नसते, मुलाविषयी कुणाशी तरी बोलायचे असते. त्यांची ही घालमेल नवी नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

पुण्याला हा विषय परका नाही. १९५४-५५ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी खडकवासल्याला आहे. देशभरातले आईबाप भूदल, नौदल, हवाई दलासाठी आपली मुले तीन वर्षे आपल्या शेजारी आणून सोडतात. मे २०२५ मध्ये तिथून पहिल्या १७ मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. लोणावळ्याला नौदलाच्या अभियांत्रिकी प्रशिक्षणाचे केंद्र 'शिवाजी' १९४५ पासून आहे. पण आपल्या पेठांतला मुलगा नौदलात साधा नाविक म्हणून भरती झाला, तर त्याला आधी जावे लागते ओडिशातल्या चिल्का सरोवराकाठी. 'आयएनएस चिल्का' हे प्रशिक्षण केंद्र १९८० मध्ये सुरू झाले. पुण्याहून कोणार्क एक्सप्रेसने सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा, विशाखापट्टणम असा सुमारे दीड दिवसाचा प्रवास.

त्याआधीच्या पिढीला हे अंतर आणखी दूरचे होते. इंग्रजांच्या काळात नौदलातील कोवळ्या मुलांचे प्रशिक्षण कराचीजवळ मनोरा इथल्या 'बहादूर' या केंद्रात होई. १९४७ ला ते केंद्र पाकिस्तानकडे गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी, मुंबईत 'तलवार' या केंद्रातल्या नाविकांनी संप पुकारला. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ ही त्यांची तक्रार होती. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग होते. हजारो नाविक त्यात उतरले, कराचीतही लोण पोचले. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. पाच दिवसांनी संप मिटला, पुढे शेकडो नाविकांना काढून टाकले. सरकारने चौकशी आयोग नेमला, नाविकांचे जबाब झाले. पण आयोगाचा विषय नाविक होते, त्यांची घरे नव्हती. ज्या आईबापांनी ही बातमी वर्तमानपत्रात वाचली किंवा दुसऱ्याकडून वाचून घेतली, त्यांनी ते पाच दिवस कसे काढले, हे सांगणारा कागद शोधायचा तरी कुठे?

एका ठिकाणी मात्र असे कागद सापडतात, आणि त्याचे कारण विचित्र आहे. पहिल्या महायुद्धात हिंदी शिपाई फ्रान्सला गेले. त्यांची पत्रे इंग्रज सरकार उघडून वाचत असे. त्यांतले उतारे इंग्रजीत करून ठेवले जात. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. घरून शिपायांना आलेल्या पत्रांचे उतारेही त्यांत आहेत. कितीतरी पत्रे उर्दूत होती. लिहिणारा बहुधा दुसराच, वाचणाराही दुसराच. गावातला मास्तर, मुन्शी किंवा मौलवी. म्हणजे सरकारला संशय होता म्हणून त्या घरांचा आवाज टिकला. ज्यांच्यावर कुणी संशय घेतला नाही, त्यांची पत्रे पेटीत वाळवीने खाल्ली.

अशा पत्रांत एक शब्द हमखास असे, खैरियत. 'यहाँ सब खैरियत है.' आम्ही उर्दू शिकवणारे पत्रलेखनाच्या तासाला हेच वाक्य मुलांकडून घोकून घेतो. पण बापाला दमा उसळला, तरी पत्रात खैरियतच. मुलाचे पाय धावून सोलले, तरी त्याचीही खैरियतच. दोन्हीकडची माणसे एकमेकांना जपत होती. इतिहास वाचणाऱ्याने या शब्दाशी थांबले पाहिजे. त्याच्याखाली काय दडले आहे, हे विचारले पाहिजे. दारात तारवाला दिसला की तार वाचण्याआधीच बायका रडू लागत, ती याच खैरियतची दुसरी बाजू. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. धास्ती बंद झाली नाही.

२०२२ पासून भरती 'अग्निवीर' म्हणून होते. वय साडेसतरा ते एकवीस, प्रशिक्षण सोळा आठवडे. पहिल्या तुकडीचे संचलन २८ मार्च २०२३ रोजी चिल्काला सूर्यास्तानंतर झाले. सुमारे २६०० जणांत २७० हून अधिक मुली होत्या. म्हणजे आता मुलींच्या आयाही फोनची वाट पाहतात. मोबाइल घरोघरी आहे, पण प्रशिक्षणातल्या मुलाला हवा तेव्हा तो मिळत नाही. मग आई फोन उशाला घेऊन झोपते, नमाजच्या वेळीही तो नजरेसमोर ठेवते. वडील बाहेरून बेफिकीर दिसतात, पण चिल्काचे हवामान त्यांना तोंडपाठ असते.

या पालकांच्या चिंतेत एक नवी भर पडली आहे. नोकरी चार वर्षांची, आणि त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम होणार. पूर्वीच्या आईला मुलगा सुखरूप परत यावा एवढेच वाटे. आजच्या आईला तो परत आल्यावर पुढे काय, हेही वाटते. ती हे बोलून दाखवते, तेव्हा तिच्या देशप्रेमात उणे काही नसते. आमच्या मोहल्ल्यातल्या आईला हे बोलताना जरा अधिकच चाचरावे लागते, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

आमची वाचकांना एक विनंती आहे. घरातले कुणी फौजेत, नौदलात, जहाजावर असेल, तर त्याची जुनी पत्रे आणि मनीऑर्डरची कुपने रद्दीत घालू नका. फोनवरचे निरोप पुसले जातात, त्यांतले चार शब्द वहीत उतरवून तारीख घाला. घरी राहिलेल्यांनी काय सोसले, ते त्यांच्याच अक्षरात उरले पाहिजे. नाहीतर पुढच्या पिढीच्या हाती एवढेच लागेल की सगळीकडे खैरियत होती.